व्यावसायिक चेनसॉ : रचना, कार्यक्षमता आणि वापरकर्त्यांचे अनुभव

प्रस्तावना :

वनव्यवसाय, उद्यानव्यवस्था व आपत्तिनिवारण या क्षेत्रांत चेनसॉ हे आज अपरिहार्य साधन झाले आहे. जून २०२० मधील 'निसर्ग' व मे २०२१ मधील 'तौक्ते' या चक्रीवादळांनंतर कोकणातील रस्त्यांवर आडव्या झालेल्या वृक्षांनी या यंत्राचे महत्त्व महाराष्ट्रासही पटवून दिले. मात्र या यंत्राच्या रचनेमागील विचार अभ्यासकांच्या चर्चेत क्वचितच येतो. चेनसॉचा इतिहास हा केवळ अश्वशक्तीचा इतिहास नाही. ते यंत्र ज्या हातांत धरले जाते त्या हातांचाही तो इतिहास आहे.

उद्दिष्टे :

१. चेनसॉच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२. इंजिन, साखळी व सुरक्षायंत्रणा यांचे कार्य स्पष्ट करणे.
३. नव्या प्रतिमानांविषयी व्यावसायिक वापरकर्त्यांच्या अपेक्षा व तक्रारी यांचा अर्थ लावणे.

विकासाचे टप्पे :

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. तिचे वजन ४८ किलोग्रॅम होते आणि ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोलमार पर्वतावर पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राची चाचणी घेतली. त्यांच्या उद्योगाचे नावही त्या पर्वतावरूनच पडले. १९२९ मधील श्टील यांचे पेट्रोल यंत्र ६ अश्वशक्तीचे व ४६ किलोग्रॅमचे होते. एका माणसाने चालवावयाचे त्यांचे यंत्र १९५० मध्ये आले व त्याचे वजन १६ किलोग्रॅम होते. १९५९ मधील 'कॉन्ट्रा' हे प्रतिमान १२ किलोग्रॅमचे असून त्याची शक्ती पुन्हा ६ अश्वशक्तीच होती. म्हणजे तीस वर्षांत शक्ती तेवढीच राहिली आणि वजन जवळजवळ एकचतुर्थांश झाले. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीनेही आपला पहिला चेनसॉ बाजारात आणला.

दुसरी मूलभूत सुधारणा साखळीत झाली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात वृक्षतोडीच्या व्यवसायात असलेले जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे निरीक्षण केले. तिचे वक्र जबडे आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे लाकूड कापत पुढे सरकत होते. या निरीक्षणावरून १९४७ मध्ये त्यांनी डाव्या-उजव्या दातांची नवी साखळी उत्पादनात आणली. आजची साखळी तत्त्वतः तीच आहे.

इंजिन व कार्यक्षमता :

व्यावसायिक चेनसॉमध्ये प्रामुख्याने द्विघात इंजिन वापरले जाते. त्यात तेलाची वेगळी टाकी नसल्याने यंत्र कोणत्याही कोनात धरता येते. पेट्रोलमध्येच वंगणतेल मिसळले जाते. हे प्रमाण बहुधा ५० भागांस १ भाग असते. या इंजिनाचा जुना दोष म्हणजे ताज्या इंधनमिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर जातो. यावर उपाय म्हणून स्तरित संमार्जनाची पद्धत आली. तीत जळालेला वायू व ताजे मिश्रण यांच्यामध्ये शुद्ध हवेचा थर सोडला जातो. परिणामी बाहेर जाणारा भाग मुख्यतः हवेचा असतो, इंधन वाचते व प्रदूषण घटते.

साखळीच्या वेगाचे गणित सोपे आहे. ३/८ इंच मापाच्या साखळीत दोन चालक कड्यांमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. सात दात्यांचे चक्र एका फेऱ्यात सुमारे १३३ मिलिमीटर साखळी ओढते. मिनिटाला १०,००० फेरे झाल्यास साखळीचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर होतो. एवढ्या वेगाची धारदार साखळी कामगाराच्या शरीरापासून अवघ्या काही वितींवर फिरत असते.

कापण्याची क्षमता मात्र केवळ वेगावर ठरत नाही. प्रत्येक दाताच्या पुढे असलेला लहान उंचवटा दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवितो. हा फरक साधारणपणे ०.६५ मिलिमीटर ठेवतात. तो कमी असल्यास भुसाच निघतो. अधिक असल्यास यंत्र ओढ घेते व उसळते. बोथट साखळी लावलेले शक्तिशाली यंत्र हे नीट कानस मारलेल्या मध्यम यंत्रापुढे फिके पडते, हा अनुभवी कामगारांचा निष्कर्ष या रचनेतूनच स्पष्ट होतो.

सुरक्षा व शरीर :

गाइड बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की साखळी अडते आणि बार क्षणार्धात चालकाच्या दिशेने वर फेकला जातो. हाच 'किकबॅक' होय. १९७० च्या दशकात प्रचारात आलेला साखळी-ब्रेक असा झटका बसताच साखळी सेकंदाच्या अंशात थांबवितो. तरीही ब्रेक झटका टाळत नाही. तो केवळ त्याचे परिणाम कमी करतो.

कंपनाचा धोका मात्र दिसत नाही. १९६० च्या दशकात जपान, ब्रिटन इत्यादी देशांतील वनकामगारांमध्ये बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार आढळू लागला. जपानच्या राष्ट्रीय वनांत तर चेनसॉ चालविण्यावर दिवसाला दोन तासांची मर्यादा घालावी लागली. मुठी व इंजिन यांच्यामध्ये रबर किंवा स्प्रिंग बसविण्याची पद्धत यानंतर रूढ झाली. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हाताच्या कंपनाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी आहे आणि २.५ च्या पुढे मालकाने उपाययोजना करणे बंधनकारक आहे. श्रमिकाचे आरोग्य हा रचनेचा निकष ठरला, हे या टप्प्याचे खरे महत्त्व आहे.

नवी प्रतिमाने व वापरकर्त्यांचे अनुभव :

२००० च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले कार्बोरेटर प्रचारात आले. हवामान, उंची व हवागाळणीची स्थिती यांनुसार इंधनाचे प्रमाण यंत्र स्वतःच ठरवू लागले. पुढे श्टीलच्या 'एमएस ५००आय' या प्रतिमानात कार्बोरेटरच वगळण्यात आला व नियंत्रित फ्युएल इंजेक्शन आले. ७९.२ घनसेंटिमीटरचे हे इंजिन ५ किलोवॅट शक्ती देते व बार-साखळीविना त्याचे वजन ६.२ किलोग्रॅम आहे. प्रत्येक किलोवॅटमागे १९२९ मध्ये दहा किलोग्रॅमहून अधिक वजन होते. येथे ते १.२४ किलोग्रॅम आहे. 'एमएस ४०० सी-एम' मध्ये मॅग्नेशियमचा पिस्टन वापरून हाच विचार पुढे नेला आहे.

व्यावसायिक वापरकर्ते अशा यंत्रांविषयी बोलताना कमाल शक्तीपेक्षा तीन गोष्टींचा उल्लेख अधिक करतात : थ्रॉटल दाबताच मिळणारा प्रतिसाद, दिवसअखेर जाणवणारा थकवा आणि गरम यंत्र पुन्हा सुरू होण्याची खात्री. पहिल्या दोन बाबतींत नव्या यंत्रांची प्रशंसा होते. तिसऱ्या बाबतीत प्रारंभीच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिमानांविषयी तक्रारी होत्या व पुढील आवृत्त्यांत त्यांवर काम झाले.

एक तक्रार मात्र अधिक खोल आहे. पूर्वी चालक आवाजावरून दोष ओळखे आणि एका स्क्रू-ड्रायव्हरने कार्बोरेटर जुळवून घेई. आता निदानासाठी विक्रेत्याचे उपकरण व संगणकप्रणाली लागते. शहराजवळ काम करणाऱ्यास ही सोय वाटते. दुर्गम जंगलात काम करणाऱ्याचा मात्र रोजगारच बुडतो. यंत्र अधिक समजूतदार होत असताना मालकाचे यंत्राविषयीचे ज्ञान निरुपयोगी ठरणे, ही किंमत कोणत्याही माहितीपत्रकात नोंदलेली नसते.

बॅटरीवरील यंत्रांनी धूर दूर केला, कंपन व आवाजही बरेच कमी केले. झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्यांना ती सोयीची वाटतात. परंतु एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीत ती साधारण ०.२ किलोवॅट-तास किंवा त्याहूनही कमी असते. इंजिनाची अल्प कार्यक्षमता लक्षात घेतली तरी दिवसभराच्या जड तोडीसाठी ही तफावत निर्णायक ठरते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, चेनसॉची कार्यक्षमता शक्ती, वजन, साखळीची धार व मानवी शरीराची सहनशक्ती या चारही घटकांच्या समतोलावर अवलंबून असते. रचनाकारांनी वजन व कंपन यांवर मोठा विजय मिळविला आहे. दुरुस्तीचा अधिकार व प्रशिक्षण हे प्रश्न मात्र यंत्राबाहेरचे असल्याने कारखान्यात सुटणारे नाहीत. आपल्याकडे वादळानंतर हे यंत्र अनेकदा कोणत्याही संरक्षक पोशाखाविना हाताळले जाते. अशा वेळी महागड्या नव्या प्रतिमानाआधी हेल्मेट, संरक्षक पँट, एक कानस आणि ती वापरण्याचे शिक्षण कामगारापर्यंत पोहोचणे अधिक अगत्याचे आहे. तंत्रनिकेतने, कृषी महाविद्यालये व वनविषयक अभ्यासक्रम यांनी ही जबाबदारी स्वीकारल्यास त्याचा लाभ प्रत्यक्ष काम करणाऱ्या हातांना होईल.