शेजारची यादवी आणि राजापूरचे बंदर

शेजारच्या राज्यात यादवी पेटली की लहान सत्तांचे फावते. पण हे फावणे मुदतीचे असते. शेजारी कोणी एक जिंकला की तो सीमेवरचे जुने हिशेब चुकते करायला निघतो, आणि तोवर मिळवलेल्या मुलखाला स्वतःचा आधार मिळाला नसेल तर तो हातचा जातो. सीरियाच्या यादवीने कुर्दांच्या राजकारणाचे काय केले, हे राजापूरच्या जुन्या इतिहासावरून चांगले समजते.

सप्टेंबर १६५७ मध्ये मोगल बादशहा शाहजहान आजारी पडला आणि त्याचे चार मुलगे गादीसाठी एकमेकांवर उठले. औरंगजेबाचे सारे लक्ष उत्तरेकडे लागले. शिवाजी महाराजांनी ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली, आरमाराची जुळवाजुळव सुरू केली. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान पडला, पन्हाळा हाती आला आणि १६६० च्या आरंभी मराठी फौज राजापुरात उतरली. अर्जुना नदीच्या खाडीवरचे हे आदिलशाही बंदर. खानाची गलबते तिथे होती. पण तोवर औरंगजेब गादीवर पक्का बसला होता. मे १६६० मध्ये त्याचा सरदार शाइस्तेखान पुण्यात येऊन ठाकला, पुढच्या वर्षी कल्याण गेले.

यावर कोणी म्हणेल, तोरणा आणि जावळी तर या यादवीच्या आधीच घेतली होती, मग श्रेय मोगलांच्या भांडणाला कशाला? श्रेय त्या भांडणाचे नाहीच. भांडणाने फक्त उसंत दिली. ती वापरायला किल्ले आणि माणसे आधीपासून तयार होती. राजापूर त्याचा पुरावा आहे. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजी वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याने त्याला दारूगोळा पुरवला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर तोफा डागल्या. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या लढाईत असे उघड उतरणे मूर्खपणाचेच होते. मार्च १६६१ मध्ये महाराज राजापुरावर आले, वखार लुटली, धन शोधायला तिची जमीनसुद्धा खणली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. मोगल पुण्यात असताना आणि पन्हाळा हातचा गेल्यावरही हे करता आले, कारण बळ उसने नव्हते.

आता कुर्दांकडे पाहू. हा समाज तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेला. सीरियाच्या यादवीत जुलै २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष असदच्या फौजा उत्तर सीरियातून हटल्या आणि कोबानी, अफ्रीनचा कारभार तिथल्या कुर्द पक्षाकडे आला. २०१४ मध्ये आयसिसने कोबानीला घातलेला वेढा अमेरिकी विमानांच्या मदतीने फुटला. त्याच वर्षी इराकी सैन्य पळाले आणि तेलसंपन्न किरकुक इराकी कुर्दांच्या हाती लागले. तुर्कस्तानात जून २०१५ मध्ये कुर्दांचा कौल मोठा असलेला एचडीपी पक्ष १३ टक्के मते घेऊन संसदेत गेला. उत्साह एवढा वाढला की सप्टेंबर २०१७ मध्ये इराकी कुर्दिस्तानात स्वातंत्र्याचे सार्वमत झाले, ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला. महिनाभरात बगदादने किरकुक परत घेतले. पुढच्या मार्चमध्ये तुर्की फौजांनी अफ्रीन घेतले. अमेरिकेने सार्वमताला विरोध दर्शवला आणि अफ्रीनच्या वेळी तुर्कस्तानला अडवले नाही.

ही तुलना कुर्दांवर अन्याय करणारी आहे, हा आक्षेप बराच खरा आहे. चार देशांच्या कात्रीत महाराज नव्हते, आणि त्यांच्यावर विमानेही घोंघावत नव्हती. पण सगळा दोष भूगोलावर टाकता येणार नाही. इराकी कुर्दिस्तानातला बरझानींचा पक्ष आणि सीरियातला कुर्द पक्ष यांचे फारसे जमले नाही. दोघांच्या मुलखांमधले नदीवरचे नाके अनेकदा बंद राहिले. भूगोलाचा वाटा मात्र मोठा आहेच. स्वराज्याला दाभोळ आणि राजापूर मिळाले, म्हणजे समुद्र मिळाला. कुर्दांना किनारा नाही. इराकी कुर्दिस्तानचे तेल मुख्यतः तुर्कस्तानातल्या जेहान बंदराकडे जाणाऱ्या नळातून बाहेर पडते. मार्च २०२३ मध्ये तो नळ बंद झाला, तो अडीच वर्षांनी उघडला.

डिसेंबर २०२४ मध्ये असदची राजवट कोसळली आणि सीरियाच्या यादवीलाही एक विजेता मिळाला. १० मार्च २०२५ रोजी कुर्द सेनापती मजलूम अब्दी यांनी दमास्कसच्या नव्या सत्तेशी करार केला. त्यात उत्तर-पूर्वेतली सीमानाकी, विमानतळ आणि तेलक्षेत्रे सीरियन राज्यात विलीन करण्याचे मान्य केले होते.