लाल बावटा आणि जुन्या मोटारी

नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या रविवारी, लंडन शहर अजून पुरते जागेही झालेले नसते, तोच तेथील हाइड पार्क या विस्तीर्ण उद्यानात फटफट, खडखड आणि फुसफुस असा नाना तऱ्हेचा आवाज उठू लागतो. धुक्यातून पितळी दिव्यांचा मंद उजेड दिसतो. कोठे घोडा नसलेल्या बग्गीसारखी गाडी उभी असते, कोठे वाफेचा लोट सोडणारी, तर कोठे तीनच चाकांची. काही गाड्यांना वळविण्यासाठी गोल चक्र नसून नावेच्या सुकाणूसारखा दांडा असतो. बहुतेकींना छप्पर नाही, समोर वारा अडविणारी काच नाही. जाड कोट, चामडी टोप्या आणि मोठे चष्मे घातलेली माणसे त्यांच्यावर चढून बसतात. सूर्योदय होताच सर्वांत जुनी गाडी प्रथम निघते आणि तिच्यामागून वयाच्या क्रमाने बाकीच्या. त्यांना गाठावयाचे असते समुद्रकाठचे ब्रायटन शहर. अंतर सुमारे ६० मैल, म्हणजे पुण्याहून साताऱ्यास जाण्याच्या वाटेपेक्षा थोडे कमीच. आजची मोटार हे अंतर दोन तासांत सहज तोडते. या गाड्यांना मात्र कधी कधी सगळा दिवस लागतो, आणि काहींना तो दिवसही पुरत नाही.

या प्रवासामागे एका कायद्याची कथा आहे. इंग्लंडमध्ये १८६५ साली रस्त्यावर चालणाऱ्या यांत्रिक वाहनांसाठी एक कायदा झाला. त्या काळी अशी वाहने म्हणजे वाफेवर चालणारी अवजड धुडे असत. त्यांनी गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात ताशी २ मैल यांपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये, त्यांच्याबरोबर तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने लाल बावटा घेऊन ६० यार्ड पुढे पायी चालावे, असे त्यात सांगितले होते. घोडे बुजू नयेत हा हेतू. हेतू वाईट नव्हता. परंतु पुढे हलक्या व चपळ मोटारगाड्या निघाल्या, तेव्हा त्यांनाही हीच बेडी पडली. पायी चालणाऱ्याच्या मागून जावयाचे, तर मोटार हवी कशाला?

१४ नोव्हेंबर १८९६ रोजी नवा कायदा अंमलात आला. हलक्या गाड्यांपुढे माणूस चालण्याची अट गेली आणि ताशी १४ मैलांपर्यंतच्या वेगास वाट मोकळी झाली. त्याच दिवशी हॅरी लॉसन नावाच्या मोटारव्यवसायातील गृहस्थाने लंडन ते ब्रायटन अशी मोटारींची मिरवणूक काढली. निघण्यापूर्वी न्याहारीच्या प्रसंगी लॉर्ड विंचेल्सी यांनी लाल बावटा टराटरा फाडला. गंमत अशी, की बावटा धरण्याची सक्ती १८७८ सालीच उठलेली होती. पुढे चालणारा माणूस तेवढा उरला होता. पण माणूस काही फाडता येत नाही! लोकांच्या मनात लाल बावटाच बसला, आणि आजही निघण्यापूर्वी तो समारंभाने फाडला जातो. त्या पहिल्या दिवशी पावसाने व वाऱ्याने प्रवाशांची दैना केली. तीसच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यांतील निम्म्याच कशाबशा पोहोचल्या. एक गाडी तर आगगाडीने ब्रायटनला नेऊन, वर चिखल फासून मिरवणुकीत घुसविली होती, अशी आख्यायिकाही सांगतात.

१९२७ साली या प्रवासाची आठवण पुन्हा जागविण्यात आली. तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धाचा काळ, पेट्रोलच्या टंचाईचे १९४७ साल आणि साथीचे २०२० साल वगळता हा क्रम चालू राहिला आहे. १९५३ मध्ये 'जेनेव्हीव्ह' नावाचा विनोदी चित्रपट याच प्रवासावर निघाला आणि रस्त्याच्या कडेला पाहणाऱ्यांची गर्दी वाढली. नियम मात्र मोठा कडक आहे. गाडी १ जानेवारी १९०५ पूर्वी तयार झालेली असली पाहिजे. डिसेंबर १९०४ मधील गाडी चालते. तिची दोन महिन्यांनी धाकटी बहीण घरीच राहते. म्हणून गाडीचे वय ठरविण्यासाठी १९३० साली स्थापन झालेल्या व्हेटरन कार क्लबातील जाणकार मंडळी तिच्या इंजिनावरील आकडे, सांगाडा, जुनी कागदपत्रे व छायाचित्रे बारकाईने तपासतात. एखाद्या घराण्याची वंशावळ पाहावी, तसेच हे काम!

ही सारी शोभा एका रविवारची. परंतु मोटारींच्या या हौशी लोकांचे खरे आयुष्य उरलेल्या शनिवार-रविवारी जाते आणि ते रस्त्यावर नव्हे, तर घरामागच्या शेडमध्ये. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गाडीचे सुटे भाग कोणत्या दुकानात मिळणार? तिचा कारखानाच कधीचा बंद पडलेला असतो. दातेरी चाकाचे दोन दाते तुटले, की आधी जुन्या चाकावरून मापे घ्यावयाची, लाकडाचा साचा करावयाचा, ओतीव काम करून आणावयाचे आणि मग लेथवर ते कातावयाचे. चाकांचे आरे लाकडी. तेथे सुतार हवा. बैठक चामड्याची, तेथे चांभार हवा. पितळी दिवे, तांब्याच्या नळ्या. तेथे तांबट हवा. एका गाडीपायी माणसाला अर्धी आळी शिकावी लागते.

इंजिनाच्या आतील दांडा ज्या कुशीत फिरतो, तिचेच उदाहरण घ्या. त्या कुशीला मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर असते. ते झिजले, की धातू वितळवून नवे ओतावे लागते. मग दांड्याला निळा रंग लावून तो आत फिरवितात. जेथे उंचवटा असेल तेथे निळा डाग उमटतो. तो डाग पात्याने हळूच खरवडावयाचा, पुन्हा रंग लावावयाचा, पुन्हा फिरवावयाचे. डाग सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हे चालते. घाईने एकदा जास्त खरवडले गेले, तर सगळे काम पहिल्यापासून! हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याच्या हाताला ते कळले आहे, त्याच्या शेजारी उभे राहून शिकावे लागते. आणि ज्यांच्या हातांना ते कळते असे लोक आता वृद्ध होत चालले आहेत. म्हणून शेडमध्ये तेराचौदा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी तेलाने माखलेल्या हातांनी पाने देत उभी दिसली, की जुन्या मंडळींना कोणत्याही पदकापेक्षा अधिक आनंद होतो.

गाडी सुरू करणे हीसुद्धा एक विद्याच आहे. किल्ली फिरवून भागत नाही. आधी तेलाच्या काचेच्या कुप्या भरावयाच्या. त्यांतून थेंब थेंब तेल पडते की नाही, हे वाटेतही पाहात राहावे लागते. मग ठिणगी पडण्याची वेळ लहान दांडीने मागे घ्यावयाची. ही दांडी विसरली, तर इंजिन उलटा फटका देते. म्हणून लोखंडी हँडल फिरविताना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवण्यास शिकवितात. हँडलला मूठ मारून आंगठा पलीकडे वळविला, तर फटक्याने तो मोडण्याचा धोका असतो. वाफेच्या गाडीचे तंत्र आणखी निराळे. आधी विस्तव, मग पाणी तापण्याची वाट, आणि पुढे रस्ताभर पाण्याची तहान.

अशा एका गाडीस घराएवढी किंमत पडते, हे लपविण्याचे कारण नाही; ही हौस बहुधा धनिकांचीच. काही जण असेही म्हणतात, की एवढी दुर्मिळ वस्तू पावसाचिखलात नेऊन मोडण्यापेक्षा संग्रहालयात काचेआड ठेवावी. या म्हणण्यात तथ्य आहे. अस्सल जुना भाग एकदा तुटला, की तुटलाच. तरीही पारडे हौशी लोकांच्या बाजूनेच झुकते. काचेआडची मोटार कशी दिसत होती ते कळते. ती चढावर कशी धापा टाकत होती, आतील माणसे उतरून तिला कशी ढकलत होती, आणि केवळ मागच्या चाकांना असलेल्या ब्रेकांच्या भरवशावर उतार उतरताना चालकाचा जीव कसा मुठीत असे, हे काचेआडून कळत नाही.

ब्रायटनचा प्रवास ही शर्यत नाही. पहिला कोण आला, याची नोंद होत नाही. ठरल्या वेळी, दुपारी साडेचारच्या आत पोहोचणाऱ्या प्रत्येकास पदक मिळते. त्यामुळे वाटेत एखादी गाडी बंद पडलेली दिसली, तर मागून येणारा खुशाल थांबतो, आपल्या पेटीतील तारेचा तुकडा किंवा चामड्याचा पट्टा काढून देतो आणि गुडघे चिखलात टेकून मदतीस लागतो. त्यात स्वतःचे पदक हुकण्याची भीती असते, तरी थांबणारे थांबतात. समुद्रकाठच्या मडेरा ड्राइव्हवर एकेक गाडी पोहोचते, तेव्हा चालकाच्या चेहऱ्यावर चष्म्याच्या जागी दोन गोरी वर्तुळे आणि बाकी काजळी असते.

संध्याकाळी बहुतेक गाड्या मोठ्या वाहनांवर चढवून घरी नेल्या जातात. मालक थकलेला असतो. पण झोपण्यापूर्वी वहीत तो टिपून ठेवतो : दुसऱ्या चढावर डावीकडून ठक् ठक् असा आवाज आला, पाणी वाजवीपेक्षा लवकर उकळले, साखळी सैल. पुढच्या शनिवारी सकाळी शेडचे दार उघडते, आणि इंजिन पुन्हा एकदा सुटे सुटे होऊन फळीवर मांडले जाते.