ताजमहाल, वहिनींच्या संगतीने

ग्वाल्हेर ते आग्रा हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. सकाळचा चहा लष्करात घ्यावा, मुरैना मागे टाकावे, चंबळेकाठची बेहडे पाहत धौलपूर ओलांडावे, तो आग्रा छावणीचा फलाट आलाच. इतक्या जवळ असल्यामुळेच की काय, आमच्याकडील पुष्कळ मराठी घरांत ताजमहाल ही पाहुण्यांना दाखवावयाची वस्तू होऊन बसली आहे. पुण्याचे जावई आले, नागपूरचे मामा आले, की कोणीतरी पुरुष त्यांना घेऊन जातो. घरच्या बायका डबा भरून देतात आणि मागे राहतात. आमच्या वहिनी अशा मागे राहिलेल्यांपैकी. लष्करातील एका प्रसूतिगृहात त्यांनी ३५ वर्षे परिचारिकेचे काम केले. "पुढच्या हिवाळ्यात नक्की," असे म्हणत म्हणत दादा तीन वर्षांपूर्वी गेले. यंदा माघात वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "भाऊजी, आपणच जाऊ. आता पाहुण्यांची वाट नको पाहायला." शुक्रवारी ताज बंद असतो, म्हणून गुरुवार धरला.

मोटारी बऱ्याच अलीकडे थांबवतात. तेथून पुढे विजेवर चालणारी गाडी, टांगा नाहीतर आपले पाय. धुराने संगमरवर पिवळा पडू नये म्हणून ही तजवीज. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आसपासच्या कारखान्यांना दगडी कोळसा सोडा अथवा जागा सोडा असा निकाल दिला होता, तोही ह्याच काळजीपोटी. अधूनमधून भिंतींना मुलतानी मातीचा लेप देतात. वाळला की मळ घेऊन तो निघतो. हे ऐकून वहिनी हसल्या. "म्हणजे आमच्याच घरचा उपाय!"

लाल दगडाच्या मोठ्या दरवाजातून ताजचे पहिले दर्शन होते. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालीत नाही. मौज एवढीच की दरवाजाच्या अंधारात दुरून घुमट सारी कमान भरून उभा दिसतो, आणि आपण पुढे जाऊ लागलो की तो मागे सरकल्यासारखा वाटतो. गर्दी त्याच जागी तुंबते, कारण प्रत्येकाला तेथेच छायाचित्र हवे असते. वाचकहो, त्या रेट्यातून पुढे निघा आणि पाण्याच्या कडेने सावकाश चाला. संगमरवर राजस्थानातील मकराण्याचा. तो सकाळी निळसर, दुपारी डोळे दिपवणारा आणि कलत्या उन्हात दुधावरच्या सायीसारखा दिसतो. चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. कोसळलेच तर घुमटावर पडू नयेत, हा त्यातला हेतू सांगतात.

आमच्याबरोबरचा वाटाड्या जुना, पाठ झालेले बोलणारा. कारागिरांचे हात तोडले, नदीपलीकडे काळा ताज बांधावयाचा होता, ह्या दोन्ही कथा त्याने रंगवून सांगितल्या. पहिलीला कसलाही पुरावा नाही. दुसरीचे मूळ ताव्हेर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनात आहे. पण पलीकडच्या मेहताब बागेत खोदले तेव्हा सापडले ते बाग आणि ताजचे प्रतिबिंब पडावे असा अष्टकोनी हौद. मला विचाराल तर खरे ऐकण्यासारखे निराळेच आहे. उस्ताद अहमद लाहोरीची आखणी, नदीकाठच्या ओल्या भूमीत विहिरी खणून त्यात दगडचुना भरून केलेला पाया, आणि हजारो हात राबत असताना इमारतीवर नाव कोरलेले दिसते ते एकट्या अमानत खानाचे, म्हणजे कुराणातील वचने लिहिणाऱ्या सुलेखनकाराचे!

२०१८ च्या डिसेंबरापासून मुख्य कबरीपाशी जाण्यास २०० रुपयांचे वेगळे तिकीट लागू झाले. ते काढून, पायांत कापडी मोजे चढवून आत गेलो. मधोमध मुमताजची कबर. तिच्या पश्चिमेस, जरा मोठी, शहाजहानची. साऱ्या ताजमध्ये तोल बिघडतो तो एवढ्याच ठिकाणी. ह्या दोन्ही दिखाऊ; खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. भोवतीची संगमरवरी जाळी मात्र ग्वाल्हेरकराने डोळे भरून पाहावी. आमच्याकडे मुहम्मद घौसच्या कबरीला दगडी जाळ्या आहेत, त्या ताजच्याही आधीच्या, सोळाव्या शतकातल्या. लहानपणापासून त्यांतून येणारे ऊन पाहिलेल्या माणसाला येथे अनोळखी वाटत नाही. वाटाड्याने लहानशी बत्ती लाल अकीकाच्या फुलावर धरली, आणि फूल निखाऱ्यासारखे पेटले.

"ही प्रेमाची निशाणी," तो म्हणाला.

वहिनींनी विचारले, "बाई गेली कशाने?"

तो अडखळला. मी सांगितले: १६३१ मध्ये, आपल्या बऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरले होते आणि वर्षअखेरीस देह आग्र्याला आणला.

"लग्न कधी झालं होतं?"

"१६१२ मध्ये."

"एकोणीस वर्षांत चौदा." वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. "जगली किती?"

"सात."

त्या कबरीकडे पाहत राहिल्या. मागून रेटा येत होता, पहारेकरी शिटी फुंकून पुढे चला म्हणत होता. "आमच्याकडे अशी बाई आली, की आम्ही नवऱ्याला बाहेर बोलावून घेत असू," त्या हळूच म्हणाल्या. "पण बादशहाला कोण बोलावणार!" मोठ्या घुमटाखाली साधे बोलणेही घुमते, चारदोन माणसांनी वळून पाहिले. ताजवर लिहिणाऱ्यांनी प्रेमाचा हिशेब पुष्कळ केला, बाळंतपणांचा फारसा कोणी केलेला नाही. शहाजहानचे दुःख मी खोटे म्हणणार नाही. पण त्या दालनात मृत्यूचे कारण विचारणारी व्यक्ती मला त्या दिवशी एकच दिसली.

मागच्या बाजूस यमुना. पाणी थोडे आणि काळपट. २०१६ मध्ये ह्याच पाण्यावर वाढणाऱ्या किड्यांनी संगमरवरावर हिरवट डाग पाडले होते. तेथून दूर लाल किल्ला दिसतो. शेवटची वर्षे शहाजहान तेथे मुलाच्या कैदेत होता; तो १६६६ च्या आरंभी वारला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात उभे राहिले. पुढे महादजी शिंद्यांच्या काळात हा किल्ला शिंद्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत, मधल्या धामधुमी सोडल्या तर, तो आमच्या ग्वाल्हेरच्या दौलतीचा होता.

ह्या शेवटच्या दुव्यामुळे मी वहिनींना आणखी एका ठिकाणी नेले. तेथे पर्यटक सहसा जात नाहीत. आग्र्याच्या जुन्या कॅथलिक कबरस्तानात जॉन हेसिंग ह्या डच सरदाराची कबर आहे. हा शिंद्यांच्या चाकरीतला, आग्र्याच्या किल्ल्याचा अंमलदार. जुलै १८०३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने, ॲनने, त्याच्यासाठी ताजच्या घाटाची लहानशी इमारत उठवली. संगमरवराऐवजी लाल दगड, आणि चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर ते चार उंच मिनार नाहीत. लोक तिला लाल ताज म्हणतात.

तेथे आम्ही दोघे आणि कडुनिंबावरचे पोपट. वहिनींनी चपला काढल्या, पायऱ्या चढून एक फेरी घातली, भिंतीवरून हात फिरवला.

"बायकोने बांधला?"

"बायकोने."

"आणि त्याच वर्षी इंग्रज आले म्हणता. मग तिचं पुढं कसं झालं असेल हो?"

मग त्या पायरीवर बसल्या आणि डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी, एक कांदा. दादांना आवडायचे तेच. कांदा त्यांनी मुठीने फोडला, अर्धा माझ्यापुढे केला आणि परतीची गाडी किती वाजता आहे, हे विचारले.