जुन्या ब्रेकची धूळ आणि आपली फुप्फुसे

उसाची वाहतूक सुरू होण्याआधी ट्रॅक्टर, जीप, टेंपो यांचे ब्रेक उघडून पाहण्याची आपल्या भागात रीत आहे. बेळगाव-खानापूरकडचे कित्येक शेतकरी हे काम मेस्त्रीकडे न नेता अंगणातच उरकतात. चाक काढायचे, ड्रम ठोकून सैल करायचा, आतली काळपट पूड तोंडाने फुंकून किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची आणि नवे लायनर बसवायचे. (ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो, ती काळजी वेगळी.) या पुडीत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याने कर्करोग होतो, हे आता पुष्कळांच्या कानावर आले आहे. मग "इतकी वर्षे ही धूळ खाल्ली, आता माझे काय होणार?" हा प्रश्न रात्री झोप लागू देत नाही. ही भीती कितपत खरी आहे, ते आम्ही येथे सांगतो.

ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण तंतूंचा बनलेला. तो जळत नाही, सहज झिजत नाही आणि धाग्यासारखा चिवट असतो. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो ब्रेक लायनरमध्ये व क्लच प्लेटमध्ये घालू लागले. जुन्या लायनरमध्ये निम्म्याच्या आसपास ॲस्बेस्टॉसच असे. त्याचे तंतू चिरत चिरत इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. तेथे वर्षानुवर्षे राहिले तर फुप्फुस कडक होते, फुप्फुसाचा कर्करोग होतो, किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्धर कर्करोग होतो. हा शेवटचा रोग आणि ॲस्बेस्टॉस यांचा संबंध १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिला. त्यांच्या रोग्यांपैकी काहींनी खाणीत कधी काम केले नव्हते, ते फक्त खाणीच्या परिसरात राहत होते. धूळ आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला.

हे वाचून घाबरून जाऊ नये. ब्रेक दाबला की घर्षणाने लायनरचा पृष्ठभाग अतिशय तापतो आणि त्या उष्णतेने बहुतेक तंतूंची रचनाच मोडते. ड्रममध्ये साचलेल्या झिजेच्या पुडीत ॲस्बेस्टॉस बहुधा शेकड्याला एक भागाहूनही कमी उरते. गॅरेजच्या मेकॅनिकांवर झालेल्या बऱ्याच पाहण्यांत मेसोथेलिओमाचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले नाही. यावर तज्ज्ञांत वाद आहे, आणि काही पाहण्यांना मोटार कंपन्यांनीच पैसा पुरवला होता हेही विसरू नये. तरीपण आमचे मत असे, की वर्षातून एक-दोनदा स्वतःच्या गाडीचे ब्रेक उघडणाऱ्याला असलेला धोका फारच थोडा आहे. त्यासाठी एक्स-रे काढत फिरू नये. एक्स-रेत हे तंतू दिसतही नाहीत.

खरी काळजी निराळीच आहे. नवे लायनर शूवर बसवताना रिव्हेटसाठी भोके पाडतात, कडा कानसेने घासतात, ग्राइंडरला लावतात. हा माल तापलेला नसतो, त्यातले तंतू शाबूत असतात, आणि ही धूळ ड्रममधल्या पुडीपेक्षा कितीतरी वाईट. बाजारपेठेच्या टोकाला लायनर ठोकून देणारी लहान दुकाने असतात. तेथे सोळा-सतरा वर्षांचा पोरगा दिवसभर त्या धुळीत बसलेला असतो. आपला मुलगा किंवा पुतण्या असे काम शिकत असेल, तर काळजी त्याची करावी. त्याच्यापुढे अजून पन्नास वर्षे आहेत.

बाहेरच्या अनेक देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे मात्र पांढरे ॲस्बेस्टॉस अजून परदेशांतून येते. नवे लायनर घेताना खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले पाहून घ्यावे. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून जुने लायनर ॲस्बेस्टॉसचेच आहे असे धरून चालावे.

पुडीवर हवा मारू नये, तोंडाने फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. चाक गार झाल्यावर पाण्यात धुण्याची पावडर किंचित मिसळून हातातल्या लहान स्प्रेने हळूच भिजवावे. औषध फवारणीचा पंप यासाठी वापरू नये. पूड भिजली की ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. १९९४ च्या अमेरिकेतील नियमांत आठवड्याला पाचपर्यंत अशी कामे करणाऱ्या लहान गॅरेजांना हीच पद्धत मान्य केली आहे, म्हणजे हा काही गरिबाचा तात्पुरता इलाज नव्हे. फडके ओले असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावे. उकिरड्यात टाकले तर ते खताबरोबर शेतात जाईल. काम मोकळ्यावर करावे, पोरांना लांब ठेवावे. रुमाल बांधून काही उपयोग नाही. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी आलेला एन-९५ मास्क त्याहून बरा, पण त्याच्या भरवशावर कोरडी धूळ उडवू नये. कामाचे कपडे न झटकता वेगळे भिजवावेत. ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे आहेत. ज्यांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांची धूळ तेलातच राहते.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र आम्ही आग्रहाने सांगू. १९७९ साली अमेरिकेतील ॲस्बेस्टॉस कामगारांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. दोन्हींपासून दूर असलेल्याच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने दहापट आणि दोन्ही मिळून पन्नासपटींहून जास्त भरला. मागची धूळ परत काढता येत नाही, विडी आज टाकता येते.

ज्यांनी वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये काम केले आहे आणि ज्यांना चालताना धाप लागते किंवा कोरडा खोकला हटत नाही, त्यांनी डॉक्टरकडे जावे. आपल्याकडे अशा वेळी प्रथम क्षयाची शंका येते, ती तपासणीही जरूर करावी. पण डॉक्टर बहुधा धंदा विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगावे. कोणते काम, कोठे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हे कागदावर लिहून न्यावे.