‘घाशीराम कोतवाल’ : राजकीय उपहास आणि प्रेक्षक-वाचकांचा प्रतिसाद

प्रास्ताविक

विनोद, उपरोध, विडंबन आणि उपहास या संज्ञा आपण व्यवहारात पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरतो. साहित्याचा अभ्यास करताना मात्र उपहासाचे एक वेगळेपण ध्यानात ठेवावे लागते. निखळ विनोद कोणालाही न दुखावता होऊ शकतो. उपहासाला लक्ष्य लागतेच. आणि ज्याअर्थी लक्ष्य आहे त्याअर्थी वाचकालाही तटस्थ राहता येत नाही. आपण हसणाऱ्यांच्या रांगेत आहोत की ज्यांचे हसे होत आहे त्यांच्या, हे त्याला मनाशी ठरवावे लागते. राजकीय उपहासाला मिळणारे प्रतिसाद इतके टोकाचे का असतात, याचे एक कारण येथे आहे.

प्रस्तुत विवेचनात विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाला मिळालेल्या प्रतिसादांचा विचार केला आहे. तेंडुलकरांची अन्य नाटकेही वादग्रस्त ठरली. ‘सखाराम बाइंडर’ने तर परिनिरीक्षण मंडळाशी संघर्ष केला. तथापि तो वाद प्रामुख्याने नीती-अनीतीचा होता. ‘घाशीराम’चा वाद इतिहास, जात आणि सत्ता या तिन्हींना भिडणारा असल्याने आपल्या विषयाला तो अधिक उपयुक्त आहे.

नाटक आणि त्याचा पहिला काळ

‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही संस्था, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना असा हा योग होता. नानाची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. १९ प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी नाटक थांबवले. तरुण कलावंतांना ते मान्य झाले नाही. ते बाहेर पडले, ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था स्थापन झाली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. म्हणजे नाटकाविषयीचा पहिला मोठा मतभेद त्याच्या विरोधकांशी नव्हे, तर घरातच झाला. या तपशिलाकडे दुर्लक्ष करू नये. प्रयोग थांबवणारे लोक नाट्यद्वेष्टे नव्हते. आपण हे करावे की नाही, असा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता.

कथानक थोडक्यात असे. कनोजी ब्राह्मण घाशीराम पुण्यात येतो. पर्वतीवरील दक्षिणावाटपाच्या वेळी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मारहाण होते, शहराबाहेर हाकलले जाते. सूडाची शपथ घेऊन तो परततो, स्वतःची मुलगी ललिता गौरी नानाच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात पुण्याची कोतवाली मिळवतो. मग परवाने, झडत्या, तापलेल्या लोखंडाचे दिव्य असा जुलूम सुरू होतो. पुढे गौरीचा मृत्यू होतो. कोठडीत कोंबलेले ब्राह्मण गुदमरून मरतात तेव्हा शहर खवळते. नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि शहरात उत्सव जाहीर करतो. ज्याने कोतवाल निर्माण केला त्याच्या अंगाला काहीही चिकटत नाही. नाटकाचा सगळा रोख या शेवटावर आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढील आक्षेपांचे मोल ठरवता येणार नाही.

पहिला आक्षेप : इतिहासाचा

घाशीराम ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. उत्तर पेशवाईत तो पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतर प्रक्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मराठी लेखनातही हे नाव नवे नव्हते. मोरोबा कान्होबा यांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे पुस्तक १८६३ सालचे आहे. तेव्हा कोतवालाच्या चित्रणावर फारसे कोणी रागावले नाही, यात आश्चर्य नाही. राग आला तो नानाच्या चित्रणाचा.

नाना फडणवीसांचे मराठी मनातील स्थान काय आहे ते आठवावे. साडेतीन शहाण्यांतील अर्धे शहाणे म्हणून लहान मुलालाही त्यांचे नाव ठाऊक असते. सवाई माधवरावांच्या बालवयात राज्य सावरणारा, इंग्रजांना ओळखून असलेला मुत्सद्दी अशी ही प्रतिमा आहे. तिच्या जागी रंगमंचावर आला एक स्त्रीलंपट, नाचरा, पाताळयंत्री कारभारी. कन्येच्या सौद्याला इतिहासात आधार नाही, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. तेंडुलकरांनी त्यावर हे नाटक ऐतिहासिक नव्हेच, अशी भूमिका घेतली. विशिष्ट सामाजिक परिस्थितीत घाशीराम निर्माण होतात आणि त्यांना निर्माण करणारेही असतात, ही प्रक्रिया त्यांना दाखवायची होती.

हे उत्तर पुरेसे आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्धेच पुरेसे आहे. लेखकाने ‘कोणी एक कारभारी’ असे पात्र योजले असते तर प्रक्रिया तीच राहिली असती, पण उपहासाची धार बोथट झाली असती. नाटकाला त्या नावाचा दबदबा हवा होता. नावाचे वजन वापरायचे आणि नावाची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, हे आक्षेपकांना खटकले असेल तर त्यांना असमंजस म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, नाटकाला पुराव्याच्या कसोटीवर घासणाऱ्यांनी त्याचा प्रकार ओळखला नाही. गणेशस्तवनाने सुरू होणारे, सूत्रधार असलेले, कीर्तनातून लावणीत आणि लावणीतून पुन्हा कीर्तनात शिरणारे हे नाटक ‘घडले ते सांगतो’ असा दावा कोठेच करीत नाही. दशावतारी खेळातील राजाला आपण वंशावळ विचारत नाही.

येथे मराठी भाषेची एक सोय पाहा. इतिहासपुरुषाविषयी आपण ‘नानांनी राज्य सांभाळले’ असे आदरार्थी लिहितो; पात्राविषयी ‘नाना नाचतो’ असे एकवचनी. या विवेचनातही तसेच केले आहे. पण नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या मनात ही दोन रूपे इतकी सहज वेगळी होत नाहीत. ‘नाना नाचतो’ हे ऐकताच ज्याच्या मनात ‘नानांना नाचवले’ असा अनुवाद होतो, तो प्रेक्षक दुखावला जातो. परीक्षेत उत्तर लिहिताना हा भेद सांभाळावा. नाटकातील प्रसंग इतिहास म्हणून लिहिण्याची चूक उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते.

दुसरा आक्षेप : जातीचा

नाटक ब्राह्मणद्वेष्टे आहे, हा आक्षेप अधिक तीव्र होता. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग सतत उभी असते. ती कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव. भजन गातागाता ती रांग बावनखणीची वाट धरते. पुण्यात, पुणेकर प्रेक्षकांपुढे, पुण्याच्याच ब्राह्मणांना असे उभे केल्यावर सभागृहात अस्वस्थता पसरणे अपरिहार्य होते.

या अस्वस्थतेकडे केवळ ‘असहिष्णुता’ म्हणून पाहणे सोपे आहे. अभ्यासकाने सोपी वाट धरू नये. १९७२ साली नाट्यगृहात बसलेल्या प्रौढ प्रेक्षकाला १९४८ चे स्मरण होते. गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, अनेक कुटुंबांनी गाव सोडले. त्यानंतर अवघ्या चोवीस वर्षांनी, संपूर्ण जातीला ढोंगी ठरवणारे चित्र आपल्याच लोकांनी रंगवलेले पाहून एखाद्याच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यामागे अहंकारच होता असे म्हणता येणार नाही. उपहास वरच्याला खाली खेचतो, असे आपण म्हणतो. पण समाजातील ‘वरचा’ कोण हे ठरवताना लेखकाचे आणि प्रेक्षकाचे मोजमाप निराळे असू शकते.

याच्या नेमका उलट प्रतिसादही होता. पेशवाईचे खरे रूप उघडे पडले म्हणून काहींनी नाटकाचे स्वागत केले. गंमत अशी की, निषेध करणारे आणि टाळ्या वाजवणारे यांचे वाचन एकच होते: नाटक ब्राह्मणांविरुद्ध आहे. एका बाजूला त्याचा राग आला, दुसऱ्या बाजूला आनंद झाला, एवढाच फरक. दोन्ही वाचनांत एक गोष्ट सुटते. घाशीराम स्वतःही ब्राह्मणच आहे. त्याला छळणारे त्याला जातीमुळे नव्हे तर परका आणि दुबळा म्हणून छळतात. सत्ता हाती येताच तो तेच करतो. नाटकाचे लक्ष्य जात असती तर घाशीरामाला कनोजी ब्राह्मण ठेवण्याचे लेखकाला काही कारण नव्हते.

तिसरी अडचण : नाटक आवडते ही

तिसऱ्या प्रतिसादाला आक्षेप म्हणणे कठीण आहे. ती एक अडचण आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. हे नाटक पाहताना मजा येते. ताल पकडणारे संगीत, पावले, रांगेच्या बदलत्या आकृती यांनी प्रेक्षक गुंगून जातो. त्या गुंगीतच मुलीचा सौदा होतो, दिव्य होते, माणूस ठेचला जातो. जुलमाचे इतके देखणे दर्शन योग्य काय, असा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो.

उत्तर रांगेत आहे. ती ब्राह्मणांची भिंत प्रसंगाला आडोसा देते, पाठ फिरवते, पुन्हा तोंड करते आणि अखेरीस न्यायाची मागणी करणारा जमावही तीच असते. प्रेक्षकगृहात बसलेले आपणही तेवढा वेळ ताल धरून बघत होतो. संतापून उठलेल्या प्रेक्षकाने हे ओळखले होते, अशी शंका घेण्यास जागा आहे. आपल्या पूर्वजांची बदनामी झाली, एवढ्यापुरताच त्याचा राग नसावा.

काळ बदलतो तसे लक्ष्य बदलते

सुरुवातीच्या काळातच काही प्रेक्षकांना या नाटकात पेशवाईऐवजी समकालीन मुंबई दिसली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती, आणि सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी तिला बळ दिले, असा समज सर्वत्र होता. पुढे पंजाबातील घडामोडींनंतर भिंद्रनवाले आणि त्यांना वाढू देणारे राजकारण हे नाना-घाशीरामाच्या नात्यात वाचले गेले. नाटकाच्या संहितेत यांपैकी एकाही घटनेचा उल्लेख नाही. भिंद्रनवाले प्रकरण तर नाटक लिहिल्यानंतरचे. तरीही ही वाचने ओढूनताणून केलेली वाटत नाहीत, कारण नाटकात व्यक्तींपेक्षा व्यवहार ठळक आहे. उलट, नावांना चिकटून राहिलेला वाद काळाबरोबर लगेच ओसरला असेही नाही. १९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा विरोध पुन्हा उफाळला. नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक इतिहास नव्हे, अशा आशयाचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याच्या तोडग्यावर ते परदेशात गेले. ज्या प्रेक्षकांनी नानांचे नावही ऐकले नव्हते, त्यांना आधी नानांचा मोठेपणा सांगितला गेला आणि मग नाना नाचला!

वाचणारा आणि पाहणारा

आपल्यापैकी बहुसंख्य जण हे नाटक पुस्तकातून वाचणार आहेत. प्रयोगात जे संगीताने उचलून धरले जाते ते कागदावर उघडे पडते. नानाची लंपटता वाचताना अधिक भडक वाटते आणि रांगेचे चलनवलन रंगसूचनांतून कल्पनेने उभे करावे लागते. म्हणून गीतांचे भाग शक्यतो मोठ्याने वाचावेत.

वाचनाचा एक लाभही आहे. पाने उलटून मोजता येते की कोणाला किती बोलायला मिळाले. ललिता गौरीच्या वाट्याला मोजकेच शब्द आलेले दिसतात. तिच्यावर सारे कथानक उभे आहे, पण तिच्या मनात काय आहे हे बापही विचारीत नाही, नानाही नाही आणि सूत्रधारही नाही. नाटकाविषयीच्या वादात नानांच्या प्रतिष्ठेवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या तुलनेत गौरीविषयी फार थोडे लिहिले गेले. तिचे मौन ही लेखकाने उपहासाच्या कक्षेत जाणीवपूर्वक आणलेली गोष्ट आहे, की त्याच्याही नजरेतून ती सुटली, याविषयी अभ्यासकांत एकमत होणे कठीण आहे.

स्वाध्याय : नानाला गौरी प्रथम भेटते तो प्रसंग आणि घाशीराम आपल्या मुलीविषयी सौदा करतो तो प्रसंग संहितेतून दोनदा वाचा. पहिल्या वाचनात नानाच्या आणि घाशीरामाच्या उक्तींवर, दुसऱ्या वाचनात केवळ गौरीच्या उक्तींवर व रंगसूचनांवर लक्ष ठेवा. वरील प्रश्नाला तुमचे उत्तर काय, ते संहितेतील आधार देऊन सुमारे १५० शब्दांत लिहा.