गावच्या हवेतील कणांचे पृथक्करण

मातीचा नमुना कसा घ्यावा, हे आता बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक झाले आहे. हवेतील धुळीचाही नमुना घेता येतो व त्याच्या पृथक्करणात नत्र आणि पालाश सापडतात, ही गोष्ट मात्र पुष्कळांना नवलाची वाटेल.

ऊसतोडणीच्या दिवसांत पहाटे गावावर धुराचा पट्टा लोंबकळत असतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि धूर वर न जाता शिवारातच कोंडतो. त्यात पेटविलेल्या पाचटाचा धूर असतो, चुलीचा असतो, रस्त्याची व नांगरटीची धूळही असते. डोळ्यांना हे सारे एकच दिसते. वजन केले तरी कण किती आहेत एवढेच कळते. ते कोठून आले, हे त्यांच्या रासायनिक घटकांवरूनच उमगते.

नमुना घेण्याचे यंत्र शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या धाब्यावर, चुलीच्या धुराड्यापासून व झाडांपासून दूर ठेवतात. त्याच्या तोंडाशी जाडी धूळ अडते आणि अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण तेवढे आत जातात. हेच कण फुप्फुसात खोलवर पोचत असल्याने त्यांचे महत्त्व अधिक. यंत्र तासाला सुमारे एक घनमीटर, म्हणजे दिवसाला २४ घनमीटर हवा ओढते. आपल्या देशात २००९ साली ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा नेमकी त्या मर्यादेवर असली, तर गाळणीवर दिवसभरात दीड मिलिग्रॅमहूनही थोडे कमीच कण जमतात. ज्वारीच्या एका दाण्याचा हा जेमतेम विसावा हिस्सा! एवढ्याशा वस्तूचे पृथक्करण करायचे, म्हणून गाळणीला बोटही लावीत नाहीत. घामातील मीठ नमुना बिघडविते. ती चिमट्याने उचलतात आणि परतीच्या वाटेवर थंड पेटीत ठेवतात, कारण अमोनियम नायट्रेट उष्णतेने उडून जाते. एक कोरी गाळणीही बरोबर नेऊन तशीच परत आणतात. तिच्यावर जे सापडेल, ते वजा करावयाचे असते.

प्रयोगशाळेत टेफ्लॉनच्या गाळणीवर क्ष-किरण सोडून मूलद्रव्ये मोजतात. सिलिका, ॲल्युमिनियम, लोह व चुना यांचे प्रमाण मोठे निघाले, तर ती बहुधा मातीची धूळ होय. क्वार्ट्‌झच्या गाळणीचा तुकडा टप्प्याटप्प्याने तापवून काजळी व सेंद्रिय कर्ब वेगळे काढतात. गाळणीचा आणखी एक भाग पाण्यात भिजवून विरघळणारे क्षार मोजतात. काडीकचरा जळाल्याची खूण येथे दोन गोष्टींत मिळते : पाण्यात विरघळणारा पालाश, आणि काष्ठतंतू जळताना तयार होणारी लेव्होग्लुकोसान नावाची शर्करा. अर्थात ही शर्करा चुलीतील लाकडातूनही निघते. म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावरून पाचटाला दोषी ठरविणे योग्य नव्हे. तोडणीपूर्वीचे व तोडणीच्या काळातील नमुने ताडून पाहावे लागतात. राष्ट्रीय हवा देखरेख कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा नमुने घेण्याची पद्धत आहे, ती उगीच नव्हे. महाबळेश्वर येथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये उच्चस्थानी प्रयोगशाळा उभारली. तेथे गाळणीविना, चालू हवेतील कणांचे घटक मोजणारी यंत्रेही वापरली गेली आहेत.

अमोनियाचा प्रकार याहून विलक्षण आहे. ओलसर पण चुनखडीयुक्त जमिनीवर युरिया नुसता फेकून दिला, की त्यातील काही नत्र अमोनिया होऊन उडतो. गोठ्यातूनही तो निघतो. वीजकेंद्रे व वाहने यांच्या धुरापासून हवेत गंधकाम्ल व नत्राम्ल बनतात. अमोनिया त्यांच्याशी संयोग पावतो आणि वायूचे घन कण होतात. गाळणीवरचा हा अमोनियम क्षार म्हणजे पिकासाठी विकत घेतलेल्या, पण पिकाला न लाभलेल्या खताचाही अंश असू शकतो. युरिया मातीआड केला, तर ही हानी पुष्कळ घटते.

पाचटाचा हिशोब तर सरळच आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते व त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असतो. म्हणजे एका काडीने ४० ते ५० किलो नत्रापैकी बहुतेक सारा हवेत जातो. पालाशाचा बराच भाग राखेत उरतो, काही धुराबरोबर जातो. तोच गाळणीवर सापडतो.

खोडव्यात पाचट न पेटविता बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन पसरून पाणी द्यावे. पाचट पायांनी दाबून मातीशी लागेल असे करावे. अधांतरी राहिलेले लवकर कुजत नाही.