गटारातून उगमाकडे
अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लपीर नावाचं छोटं शहर आहे. २०१७ मध्ये तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून फ्लिंट नदीत जाणाऱ्या पाण्यात ‘पीएफओएस’ हे रसायन आढळलं, राज्याच्या १२ नॅनोग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या कितीतरी पट!

दोष केंद्राचा नव्हता. मैला पचवणाऱ्या जिवाणूंना पीएफओएसमधली कार्बन आणि फ्लोरिनची घट्ट जोडी तोडता येत नाही. रसायन आत येतं तसंच बाहेर पडतं, काही गाळात उतरतं.

मग ते येतं कुठून? केंद्राच्या तोंडाशी नमुना घ्यायचा, मग मुख्य वाहिन्यांचे फाटे तपासायचे आणि प्रमाण जिकडे वाढेल तिकडे मॅनहोलमागून मॅनहोल सरकायचं. काम चिकाटीचं आणि नाजूक; नमुना घेणाऱ्याच्या जलरोधक जाकिटातूनही याच कुळातलं रसायन बाटलीत उतरू शकतं. लपीरमधला माग क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याशी थांबला. विषारी क्रोमियमची वाफ कामगारांच्या नाकात जाऊ नये म्हणून अशा कारखान्यांत पीएफओएस वापरलं जाई. एका धोक्यावरचा हा उपाय नदीच्या मुळावर आला, हे फार अस्वस्थ करणारं आहे.

कारखान्यातच सक्रिय कोळशाची गाळणी बसली आणि प्रमाण झपाट्याने घसरलं. २०१८ पासून राज्याने नव्वदहून अधिक केंद्रांना असाच शोध घ्यायला लावला. त्यात उगम म्हणून कचराभूमीचा निचरा आणि अग्निशमनाचा फेसही सापडला.

लपीरचा गाळ मात्र आधीच शेतांत पसरला होता. २०२१ पासून मिशिगनमध्ये गाळ शेतात टाकण्यापूर्वी तपासावा लागतो.